हरकत माझी, हौदही माझा

माझी फजिती मीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ती बोडखेनानांकडून ऐकायला नको. ते फार तिखटमीठ लावतात. चहा घ्या, आणि हसायचं ते आधीच हसून घ्या. मध्येच कोणी हसलं की माझी लय बिघडते.

त्या साली दुष्काळ असा, की आमच्या हर्सूलकडच्या कॉलनीत नळ आठव्या दिवशी यायचा, तोही वाट चुकल्यासारखा. आणि नेमकं तेव्हाच महापालिकेनं ठरवलं, की कॉलनीला लागून असलेल्या मैदानात स्टेडियम बांधायचं! पैसा कुठून? तर भोवती दुकानांचे गाळे काढायचे आणि ते विकायचे. मागच्या बाजूला घरकुलं. त्या घरांचा नकाशा मी स्वतः पाहिला हो! एकानं खिडकीतून हात बाहेर काढला, की दुसऱ्याच्या भाजीत मीठ टाकता येईल अशी रचना.

मी कॉलनीचा अध्यक्ष. त्यात सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेला. मी गप्प बसतोय होय? सात पानांची हरकत लिहिली. पहिलाच मुद्दा: माणसांना प्यायला पाणी नाही, स्टेडियमच्या गवताला कुठून आणणार?

शेजारचे बोडखेनाना मूळचे पैठणकडचे शेतकरी. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "कुलकर्णी सायेब, लई भारी! हितंच गप बसत्यात बघा महापालिकावाले. आता फुडं काय बी लिहू नका."

पण ऐकेन तर मी कसला! सातव्या पानावर आणखी एक मुद्दा ठोकून दिला. मैदानाची सरकारी मोजणी करा, आणि एक इंच जरी कोणाचं अतिक्रमण निघालं तरी त्याचं नाव चौकात फळ्यावर लावा.

आता इथे एक बारीकशी गोष्ट तुमच्या कानावर घालायला हवी. घर बांधताना आमच्या पाण्याचा हौद खोदला, तेव्हा गवंडी म्हणाला होता, "सायेब, खड्डा घेतलाच हाय, तर भिंतीखालून जरा पलीकडं सरकवू का? वरून माती टाकली की कोणाला दिसतंय?"

मी म्हणालो, "सरकव."

त्यानं सरकवला. एवढा सरकवला, की झाकण तेवढं आमच्या अंगणात आणि बाकी सगळा हौद मैदानाच्या पोटात! त्याच हौदावर आमचं घर आठ-आठ दिवस चालायचं. तो गेला की आम्ही कोरडे. पण सातवं पान लिहिताना मला तो आठवला का? शपथेवर सांगतो, नाही आठवला.

मोजणीला भूमापन खात्याचे शेखसाहेब आले, बरोबर पहार घेतलेला एक गडी आणि महापालिकेचे इंजिनिअर. पंचनाम्याला गावातले दोन भले पंच लागतात. पहिला पंच मी, दुसरे बोडखेनाना. मी टेपच्याही पुढे पळत होतो. "एक इंच सोडू नका!" अख्खी कॉलनी बघत होती ना, मग आवाज चढणारच.

आमच्या भिंतीपाशी हद्दीचा खुंट रोवायचा होता. गड्यानं पहार मारली. ठण्ण!

शेखसाहेब थबकले. "साब, नीचे तो पोकळ लगरा."

तेव्हा आठवला!  मी घाईघाईनं म्हणालो, "उंदरांची बिळं आहेत, पुढे चला." तोवर गड्यानं दुसरा घाव घातला होता. स्लॅबला भोक पडलं. आत पाणी, काठोकाठ.

"आयला, हौद!" बोडखेनाना ओरडले.

"कोणाचा आहे?" इंजिनिअरनं विचारलं आणि आमच्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

माझा म्हणावं, तर नाव चौकातल्या फळ्यावर, तेही माझ्याच मागणीनुसार. तुम्ही काय केलं असतं? मी घसा खाकरला आणि म्हणालो, "हा जुन्या नहरीचा हौद दिसतोय."

आपल्या शहराच्या पोटातून जमिनीखालून पाणी नेणाऱ्या जुन्या नहरी गेल्याच आहेत. त्यामुळे सगळ्यांना ते चटकन पटलं. फक्त शेखसाहेब वाकून बघत राहिले.

"मगर साब, इसमें तो लोहे का सलिया दिखरा."

"सळई ना? पूर्वीचे लोक फार पुढारलेले होते!" मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात घरात माझ्या बायकोनं, सुनंदानं, हौदातलं पाणी वर चढवायची मोटर चालू केली. बाहेर काय चाललंय याचा तिला काय पत्ता! हौदातलं पाणी डचमळलं.

"हाललं! पाणी हाललं!" बोडखेनाना नाचायचेच बाकी होते. "जित्ता झरा हाय सायेब! नहर जित्ती हाय!"

झालं! बायका हळदीकुंकू घेऊन धावल्या. कोणीतरी नारळ आणला. तो फोडायचा मान अर्थातच अध्यक्षांचा. मी माझ्याच हौदावर नारळ फोडला हो! इंजिनिअरनं पंचनामा लिहिला: पुरातन नहरीचा हौद, जिवंत झऱ्याचा, मालक कोणी नाही. खाली पहिली सही माझी.  

पुढे महापालिकेच्या सभेत आमची हरकत निघाली. मी आणि बोडखेनाना वर गॅलरीत बसलो होतो. खाली आयुक्तसाहेबांनी वाचून दाखवलं: "हरकतदार कुलकर्णी यांचं मुख्य म्हणणं, पाणी नाही. त्याच कुलकर्णींनी पंच म्हणून लिहून दिलंय, की जागेवर जिवंत झऱ्याचा हौद आहे. सबब हरकत निकाली. गवताला त्याच हौदाचं पाणी द्यावं."

सभागृहात बाकं वाजली. बोडखेनानांनीही टाळ्या वाजवल्या, मग माझं तोंड बघून थांबले.

घरी आलो. सुनंदा दारातच उभी होती.

"काय झालं हो हरकतीचं?"

"फेटाळली."

"मेलं जाऊ द्या ते. आपल्या हौदाचं काय झालं?"

"तो मंजूर झाला," मी म्हणालो. "एकमतानं."