चाचा नातू व्हायचे

पनवेलला तलावाजवळ एका औषधाच्या दुकानावर खोली आहे, तिथे शनिवार-रविवारी दुपारी स्पॅनिश शिकवतात. साठी उलटल्यावर मी तिथे नाव घातलं, ते हौसेनं नव्हे. मुलगी स्पेनमध्ये असते, जावई तिथलाच, आणि नातवाला मराठीचं अक्षर येत नाही. मुलीनं शिकवलंच नाही. त्यावरून भांडून आता उपयोग नव्हता. पोरगं सहा वर्षांचं झालं होतं आणि फोनवर मला नुसता हात हलवून दाखवायचं. मध्ये कुणी न घेता त्याच्याशी चार वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी मी करंजाडेहून रिक्षा करून जायची.

वर्गात बाकी सगळी कॉलेजची मुलं. म्हातारे आम्ही दोघंच, मी आणि एक चाचा. उमेदीची वर्षं कुवेतला काढून ते पनवेलला परतलेले. अरबी आली तर ही का नाही येणार, म्हणायचे. मॅडम माझ्या मुलीहून लहान. शेवटी पुस्तक मिटायला लावायची आणि म्हणायची, "आता नुसत्या गप्पा. चुका बिनधास्त."

एकदा तिनं विचारलं, तुम्ही स्पॅनिश का शिकता? मी खरं ते सांगितलं. मुलं माझ्याकडे बिचारी म्हणून बघायला लागली. मला असली कीव आवडत नाही, चेहऱ्यावर दिसलं असणार. तेवढ्यात चाचांनी खुर्ची पुढे ओढली, मेंदी लावलेली दाढी छातीशी घेतली आणि बारीक आवाजात हाक मारली, "आब्वेला!" म्हणजे आजी.

आपल्याकडे लेकरू समोर आलं की जे तोंडून निघतं तेच मी विचारलं, जेवलास का?

"नो," चाचा म्हणाले. ओठ काढून.

मग काय देऊ? भात? भात नको. मासा? कुठला मासा? जिताडा. जिताड्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मॅडमलाही माहीत नव्हतं. मुलं हसून हसून बाकावर आडवी झाली. तेव्हापासून दर रविवारी चाचा माझे नातू व्हायचे. कधी ताप यायचा, कधी शाळेत मार खाऊन यायचे, पण जेवलेले कधीच नसायचे. मी फडाफड बोलायला लागले होते.

दुसरी एक गंमत होती. मधेच अस्रच्या नमाजाची वेळ व्हायची. चाचा उठायचे, दाराशी उभे राहून अगदी अदबीनं विचारायचे, "प्वेदो इर्मे?" जाऊ का मी? आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "सी, प्वेदेस!" हो, जा. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

मग एका रविवारी रात्रीचं जेवण लवकर उरकून मी फोन लावला. मुलीला म्हटलं, आज तू बोलायचं नाहीस. नातू सोफ्यावर येऊन बसला. मी विचारलं, जेवलास का?

"सी."

संपलं. हो म्हणणाऱ्या पोराशी पुढे काय बोलायचं, त्याची माझी तयारीच नव्हती. आमच्याकडे आजीनं विचारल्यावर भरल्या पोटाचं पोरही नाही म्हणतं. मी भात म्हटलं, मासा म्हटलं. तो माझ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी बघत होता. मग आईकडे वळून हळूच म्हणाला, "प्वेदो इर्मे?"

मुलगी घाईघाईनं मराठीत म्हणाली, "आई, तो म्हणतोय, आजी किती छान बोलते."

तोवर सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं होतं, वर्गातल्यासारखंच, खणखणीत. "सी, प्वेदेस!"

नातवानं चमकून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. केवढा आनंद झाला त्याला! "ग्रासियास, आब्वेला," म्हणाला आणि धूम पळाला. रिकाम्या सोफ्याकडे आम्ही दोघी बघत राहिलो. मुलीला कळलं होतं की मला कळलं. तिनं उगाच भाजीचं काहीतरी विचारलं. त्या क्षणी मला समजलं, आता मी कितीही शिकले तरी हे पोर मला लाभायचं नाही. भाषा मधे होती, तोवर निदान आशा तरी होती.

पुढच्या शनिवारी मी वर्गात गेले, घरात बसवेना म्हणून. मॅडमनं आल्या आल्या विचारलं, "आजी, बोललात नातवाशी?"

"बोलले की. त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं. त्याला सगळं समजलं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचांचे तर डोळे भरून आले. "माशाल्लाह! काय विचारलं हो बच्च्यानं?"

"जेवलीस का, म्हणाला," मी सांगितलं, आणि पुस्तक उघडलं.