आबांचे पांढरे कपडे

आमच्या यावल तालुक्यात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला माणूस काय करतो, असं कोणी विचारत नाही. तो काहीच करत नाही हे कपड्यांवरूनच कळतं, आणि म्हणून त्याला सगळीकडे पुढची खुर्ची मिळते. लग्नात माइकवरून त्याचं नाव पुकारतात, त्याला फेटा बांधतात, तो हात जोडून उठतो आणि फोटो झाला की पुढच्या लग्नाला निघतो. त्याच्यामागे चार तरुण असतात. त्यांचेही कपडे पांढरेच, फक्त इस्त्री जरा कमी कडक. पदाप्रमाणे खळ वाढत जाते.

आता मी तरी कोण मोठी लागून गेले? मी जळगावला कॉलेजात शिकवते. आम्हा शिकलेल्या बायकांचा गणवेश वेगळा. हातमागाची मळकट रंगाची साडी, खणाचं ब्लाउज आणि कानात काळ्या पडलेल्या चांदीचं काहीतरी भलंमोठं. साधं दिसायचं तर हात चांगलाच सैल सोडावा लागतो. अशी एक साडी नेसून मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आईने काळजीने विचारलं होतं, की ही कोणाची जुनी आणलीस का. मी तिला हातमागाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मला एक नवीकोरी जांभळी साडी पिशवीत घालून दिली.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोष्ट निराळी. त्यांची केळीची बाग आहे आणि त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग आहेत. हा चीक पाण्यासारखा असतो. पान कापलं, घड उतरवला की अंगावर उडतो, आणि तेव्हा काही दिसत नाही. कपडा धुतला की तपकिरी डाग वर येतो आणि मग कपडा फाटेपर्यंत जात नाही. आईने लिंबू लावून पाहिलं, रॉकेल लावून पाहिलं, टीव्हीवर जिच्यामुळे सगळं घर हसायला लागतं ती पावडरही लावून पाहिली. डाग आणखी काळे झाले. आमच्या गावात हे डाग बघून माणसाची पारख होते. खांद्यावर असले तर तो घड वाहतो. छातीवर आणि बाह्यांवर असले तर तो स्वतः कापतो. नुसते पायजम्याच्या तळाशी असले तर तो बांधावरून फिरत दुसऱ्यांना अक्कल शिकवतो. आबांच्या कपड्यांवर डाग नाही अशी जागा शोधावी लागायची. लग्नाला निघालेला हा माणूस वाटेत बागेत शिरून दोन वाळकी पानं छाटून मगच बस पकडायचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. पहिलं स्थळ धुळ्याचं. मुलाच्या आईने चहा पिता पिता आबांच्या बाहीकडे दोनदा पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. पत्रिका खरंच जुळत नसेलही. पण मी शिकलेली बाई, मला कारणं कळतात. मी सगळा दोष त्या बाहीवर टाकून मोकळी झाले.

दुसरं स्थळ भडगावकडच्या एका गावचं आलं. घरी कापूस, मुलगा पाचोऱ्याला बँकेत. मुलगा आणि बहीण एका नातेवाइकाच्या घरी दोनदा भेटले होते, आणि ती दुसऱ्या भेटीनंतर मला फोनवर म्हणाली, "ताई, हे मोडू देऊ नको." माझी बहीण कधी काही मागत नाही. लहानपणी माझे जुने फ्रॉक तिने तक्रार न करता घातले. त्यामुळे हे काम मी अंगावर घेतलं, आणि माझ्या पद्धतीने घेतलं.

जळगावच्या एका मोठ्या दुकानातून मी आबांसाठी लिननचा पांढरा शर्ट आणि पँट शिवून घेतली. लाँड्रीत सांगून कपड्यांना अशी खळ करवली की शर्ट खुर्चीवर ठेवला तर बसल्यासारखा दिसे. खिशाला पेन लावलं. आबांना बजावलं की सकाळी बागेत जायचं नाही आणि पाहुण्यांसमोर खतं, फवारणी, चीक हे विषय काढायचे नाहीत. आबांनी मान हलवली. त्या कॉलरमध्ये तेवढंच शक्य होतं.

पाहुणे अकराला आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील बुटके, काळेसावळे, अंगात साधा चौकटीचा शर्ट, पायात धुळीच्या चपला. मला मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आपलीच बाजू वरचढ. ते दारातच थबकले, आबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खुर्चीच्या टोकावर बसले. मग त्यांनी हळूच विचारलं की तुम्ही कोणत्या पक्षात. आबा म्हणाले, कोणत्याच नाही. त्यावर ते समजूतदारपणे हसले. सगळे पुढारी असंच सांगतात हे त्यांना माहीत असावं.

थोड्या वेळाने त्यांनी बागेचं विचारलं. कोण बघतं, कोण कापतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण हा विषय मी बंद केला होता. आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "माणसं आहेत ना. आबांना बागेत जावं लागत नाही."

आबा खाली बघत राहिले. पाहुण्यांनी "बरं" म्हटलं. त्यानंतर जेवणं झाली, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, हिरव्यागार केळीच्या पानांवर. पाहुणे घाईने जेवले आणि कळवतो म्हणून गेले.

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मुलाच्या वडिलांचं म्हणणं होतं की घर मोठं आहे, पुढाऱ्याचं आहे, आम्ही कष्टाची माणसं, आमचा निभाव लागायचा नाही. ज्याला आपली बाग कोण बघतं हे सांगायला मुलगी लागते, त्याची बाग किती दिवस टिकणार, असंही ते म्हणाल्याचं त्याने भीत भीत सांगितलं. बहीण स्वयंपाकघरात उरलेल्या बट्ट्या डब्यात भरत होती. तिने सगळं ऐकलं आणि डब्याचं झाकण लावलं. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने धुतलेला तो शर्ट दोरीवर वाळत होता, आणि उजव्या बाहीपासून छातीपर्यंत तपकिरी डागांची रांग उमटली होती. मी कपाळाला हात लावला. विचारलं तेव्हा कळलं की पाहुणे यायच्या आधी, मी पाट-रांगोळीच्या गडबडीत असताना, आबा नव्या शर्टावरच मागच्या दाराने बागेत जाऊन पानं कापून आले होते. पाहुण्यांना जेवायला दुसऱ्याच्या हातची पानं वाढायची नाहीत, हा त्यांचा जुना नियम. मी कपडे घेताना हा नियम विसरले होते.

आबांनी तो शर्ट दोरीवरून काढला, इस्त्री न करताच घातला आणि मला म्हणाले, "चल भडगावले. तू बोलली ना, माणसं हायेत. आता तूच सांग त्याईले."

यावलहून जळगाव, जळगावहून पाचोरा, पाचोऱ्याहून भडगावकडचं ते गाव, असा आमचा प्रवास झाला. आबा खिडकीतून लोकांचं कपाशीचं पीक बघत होते. तीन बसमध्ये आमच्यात तीन वाक्यं झाली असतील. मी घाईत कालचीच हातमागाची साडी नेसून निघाले होते. ती चुरगळली तरी चांगली दिसते, हे दुकानदाराने सांगितलं होतं आणि ते खरं होतं.

मुलाचे वडील अंगणात कापसाच्या गोण्या शिवत होते. आम्हाला बघून ते गडबडले, उठले, हात झटकले. आबा बाजेवर बसले आणि मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. सांगितलं की आबा पुढारी नाहीत, हे कपडे मी घालायला लावले, बागेत माणसं आहेत हे मी खोटं बोलले, बाग तेच बघतात. कॉलेजात पन्नास पन्नास मिनिटं न अडखळता बोलणारी मी, चार वाक्यांत तीनदा अडखळले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग त्यांची नजर आबांच्या बाहीवर गेली. त्यांनी जवळ येऊन ती बाही चिमटीत धरली.

"हाऊ डाग कसाना शे?"

"केयीचा," आबा म्हणाले. "काल तुमच्यासाठी पानं कापले ना, तवाचा."

"पानं तुम्ही सोता कापात?"

"मंग कोन कापीन?"

त्यांनी अंगठ्याने तो डाग घासून पाहिला. मग आत बघून त्यांनी बायकोला चहा ठेवायला सांगितला आणि आबांच्या शेजारी बाजेवर बसले. पुढचा अर्धा तास दोघं केळीवरचा करपा आणि कपाशीवरची बोंडअळी यांवर बोलले. लग्नाचा विषय कोणी काढलाच नाही. चहा आला तेव्हा मुलाच्या आईने आबांना विचारलं की तारीख तुमच्याकडे काढायची की आमच्याकडे. मी तिथूनच बहिणीला फोन लावला. ती नुसती "हं" म्हणाली आणि मग बराच वेळ तिकडून नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

निघताना मुलाच्या वडिलांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझी साडी, माझे कानातले, माझी कापडी पिशवी, सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, साधी चौकशी होती.

"ताई, तुम्ही जातस का कधी बागमा?"

मी हो म्हणणार होते. सवयीने तोंड उघडलंही होतं. पण आबा माझ्याकडेच बघत होते, आणि माझ्या अंगावर दाखवायला एकही डाग नव्हता. मी नाही म्हणाले, आणि मला फार लाज वाटली.