एका नंबरावर पाच माणसे

शिरूरच्या मार्केट यार्डासमोर, खतांच्या दुकानाच्या वर, रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी आहे. तिथे फोन घेणाऱ्या राजश्री ओव्हाळ यांच्याविषयी लिहायचे, तर कंपनीविषयीही लिहावे लागते. आणि तिथे माझी लेखणी सौम्य राहील, याची मी हमी देत नाही.

राजश्रीबाई मूळच्या परिचारिका. दौंडच्या एका खासगी रुग्णालयात बारा वर्षे काढली, गुडघे गेले, तेव्हा त्यांनी बसून करायचे काम शोधले. भांडगावातली माझी रक्ततपासणीची प्रयोगशाळा त्या कंपनीच्या पहिल्या अकरा ग्राहकांपैकी एक. संगणक अडला की मी फोन करी. त्या आधी विचारीत, "पेशंट समोर बसलाय का, सर?" बसलेला असेल, तर त्यांच्यासाठी बाकी सगळे मागे.

कंपनीचा क्रम मात्र गेल्या वर्षी पालटला. पुण्याच्या एका रुग्णालय-साखळीने त्यांचे सॉफ्टवेअर घेतले. तिची मागणी होती: एक मोबाइल नंबर, एक रुग्ण, एक फाइल. मालक पृथ्वीराज यांनी तोच नियम आम्हा अकराजणांनाही लावला. दोन वेगळ्या आवृत्त्या सांभाळायला त्यांच्याकडे माणसे नव्हती. आम्हाला विचारण्याचे सौजन्य कुणी दाखवले नाही.

गावात मोबाइल नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. दिवसा घरी राहणाऱ्या फोनचा नंबर सासू देते, सून देते, शेजारीणही देते. त्यामुळे एका सकाळी पार्वतीबाई, त्यांची गरोदर सून म्हाळसा आणि गल्लीतली आणखी तीन माणसे एकाच फाइलमध्ये जाऊन बसली. सासूची वाढलेली साखर सुनेच्या नावावर दिसू लागली. दौंडच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि सुनेला इन्सुलिन लिहून दिले.

पार्वतीबाई चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. "आवं, साखर माझी हाय आन् सुई पोरीला? माझं दुखणं बी तिनंच काढायचं व्हय?"

मी राजश्रीबाईंना फोन लावून कंपनीच्या बेजबाबदारपणावर बोलू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. "सर, तक्रार मागून. आधी डॉक्टरांचा नंबर द्या." पाच मिनिटांत इन्सुलिन थांबले. इतर फाइलींत कुणाकुणाचे काय मिसळले आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला गेलो, तेव्हा त्या मालकांसमोर उभ्याच होत्या.

"दादा, नियम मागं घ्या."

"ताई, पंधरा तारखेला साखळीचं काम सुरू होतंय. कोड लिहायला दोघंच हायेत. ह्यांना महिनाभर थांबू द्या."

"गरोदर बाईनं कसं थांबायचं?"

"ह्या अकराजणांवर हापिसाचं लाइट बिल बी निघत न्हाई, ताई," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले.

ते खोटे नव्हते, म्हणून अधिक लागले. सणसवाडीच्या एका कारखान्याने चारशे कामगारांची तपासणी मला दिली, तेव्हा गावातले नमुने मीही दुपारपर्यंत मागे ठेवले होते. हे मी त्या खोलीत बोललो नाही.

राजश्रीबाई जागेवर जाऊन बसल्या आणि मिसळलेल्या फाइलींतल्या एकेका घरी फोन करू लागल्या. "मावशी, ह्यो नंबर तुमच्याकडं कोण कोण देतं?" आठवड्यात सत्तर फाइली निवळल्या, पाचशेच्या वर उरल्या. मग त्यांना वेगळाच विचार सुचला. त्यांनी साखळीच्या, सणसवाडीजवळच्या शाखेची नुकतीच भरलेली माहिती उघडली. परप्रांतीय कामगार स्वतःचा नंबर देत नाहीत, ठेकेदाराचा देतात. एका ठेकेदाराच्या नंबरावर त्रेचाळीस माणसे एकाच फाइलमध्ये होती.

त्यांनी आमचे नावही काढले नाही. मालकांना एवढेच सांगितले, "दादा, साखळीच्या एका पेशंटला चार रक्तगट हायेत."

नियम दोन दिवसांत मागे घेतला गेला आणि मिसळलेल्या फाइली पुन्हा वेगळ्या झाल्या. आम्हाला पत्रक आले: "आमच्या सन्माननीय मोठ्या ग्राहकाच्या गरजेनुसार हा बदल करण्यात येत आहे."

मी संतापून राजश्रीबाईंना फोन केला. "ह्यात आम्ही कुठे आहोत?"

"सर, नाव पाहिजे का फाइल पाहिजे? म्हाळसाची उघडा."

उघडली. फक्त तिच्याच दोन तपासण्या होत्या, दोन्हींत साखर योग्य. माझा आवाज खाली आला, तरी प्रश्न विचारल्याशिवाय राहवले नाही. "आणि हीच चूक साखळीत सापडली नसती तर?"



"तर त्या महिनाभरात कुणाला तरी चुकीची सुई लागली असती," त्या म्हणाल्या. "दादांना बी ते ठाऊक हाय, सर. म्हणूनच ते परवापास्नं माझ्याशी बोलत न्हाईत."