सुनेच्या हाताची पट्टी

२०१४ साल. मी तवा एकसष्ट वर्षांचा. हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई — बायकोलाबी न्हाई. ती गेली, तरी न्हाई.

मी खुटबावचा. शाळा दुसरीपर्यंत. पण मोडलेलं हाड मला बसवता येतं, वडिलांनी शिकवलेलं. पार दौंडाहून माणसं यायची माझ्या दारात. मान होता. त्या मानापायीच झालं का हे? का मी मुळातच तसा? अजून कळत न्हाई.

कांद्याच्या चाळीत सून घसरून पडली, मंदा. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. पोरगा शिक्रापूरला कंपनीत, तिथंच खोली करून राहायचा. फोनवर म्हणाला, दवाखान्यात न्या. माझ्या घरातली बाई, आन् हाडासाठी डॉक्टरकडं? मीच हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या, वरून पट्टी आवळली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, बोटं बधिर झाल्यात. जरा सैल करता का?"

"सैल केल्यावर हाड सरकंल. सोसायचं."

तिसऱ्या दिवशी बोटं काळीनिळी. मी पाहिली — व्हय, पाहिली. हात लावला, तर गार. तरी सोडली न्हाई.

चौथ्या दिवशी पोरगा आला, तिला दौंडला घेऊन गेला. मीबी गेलो. डॉक्टरांनी पट्टी कापली. रक्त अडून आतलं मांस मेलंय म्हणाले, ऑपरेशन केलं तरी बोटं वाकडीच राहणार. "इतकी घट्ट कुणी बांधली?"

मी म्हणालो, "मी सैलच बांधली होती. हिनंच आवळून घेतली. ऐकती का कुणाचं!"

हे मी बोललो? माझ्याच तोंडानं? घरून ठरवून न्हवतो आलो. मंदानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. पोरगा तिच्यावर खेकसला, "अक्कल हाय का न्हाई तुला?" — तरी ती गप. का गप राहिली? माझा मान राखला, का मला भ्याली? इतकी वर्षं इचार करतोय. आजबी ती डाव्या हातानं भाकरी थापते, आन् पहिली मलाच वाढते.

तर — त्या दिवसाचं सांगत होतो. तिला ऑपरेशनला घेतली, मी शेवटच्या गाडीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतचा एक जण मनगट सुजवून ओट्यावर बसलेला. "आप्पा, काल दवाखान्यात आमचा भाऊ होता, त्यानं ऐकलं. सूनबाईनं म्हणं पट्टी आवळून घेतली?"

"व्हय," म्हणालो. आन् त्याला पट्टी बांधली — आत बोट जाईल एवढी सैल.