तार न जोडणारे मामा

मशीन उघडण्याआधी वायरमन मामा सगळ्यांची तोंडं बंद करायचे. लातूरच्या माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडर थांबायचा, घण थांबायचा. मग मामा मशीनला कान लावून कुणाला तरी पत्रा कापायच्या टॉर्चचं बटण दाबायला सांगायचे. आतला रिले, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा स्विच, टिक करायचा. आम्हाला ती नुसती टिक. मामांना तिच्यात पन्नास भानगडी ऐकू यायच्या.

किल्लारीकडच्या एका साखर कारखान्यात त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे येऊ लागले. सकाळी दारातून "जयभीम, मालक" म्हणायचे आणि दिवसभर मला नोकरासारखं झापायचे. मीही मुकाट्यानं ऐकून घ्यायचो, कारण जाड पत्रा कापणारं आमचं प्लाझ्मा मशीन त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. त्याच्या टॉर्चचं बटण दाबलं की रिले जोडला जातो, टॉर्चच्या तोंडाशी जाळ पेटतो. बटण सोडलं की रिले सुटतो, जाळ विझतो. सगळा खेळ एवढाच.

एकदा टिक व्हायची, टॉर्चमधून हवा यायची, पण जाळ पेटेना. मी नवी टॉर्च आणायला निघालो होतो. मामा म्हणाले, "टिक झालं म्हंजे करंट गेला असं न्हाई, मालक. आत तोंडं जळालीत त्याची." रिले उघडला तर आतले एकमेकांना टेकणारे दोन्ही ठिपके खरंच काळेठिक्कर. बारीक पॉलिश पेपरनं घासून, मीटर लावून त्यांनी अर्ध्या तासात मशीन चालू केलं आणि मला चहा सांगायला पिटाळलं.

आमच्या भागात रिले बिघडला की लोक 'डायरेक्ट' करतात. म्हणजे रिले वगळायचा आणि तारेचा तुकडा जोडून मोकळं व्हायचं. मग बटण नावालाच, मेन चालू असेपर्यंत टॉर्च पेटलेलीच. मामांनी ते कधी केलं नव्हतं. "रिले हाय म्हणून हात हायत," म्हणायचे.

मग तो दुष्काळ आला. नळ कोरडे, बोअर कोरडे. आमच्याकडे काम एकच, पाण्याचे टँकर बनवायचं. चहाच्या टपरीवर मात्र उदगीरचा नवा जिल्हा होणार, याच गप्पा. मामा म्हणायचे, "होऊ द्या की जिल्हा. कलेक्टरला प्यायला काय देणार?"

त्याच धांदलीत एका सकाळी रिले कायमचा बंद पडला. नवा नांदेडहून बसनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. निलंग्याकडच्या एका गावाची चार माणसं टँकरसाठी शेडमध्ये बसून होती. मी म्हणालो, "मामा, आजच्या दिवस डायरेक्ट करा." ते नाही म्हणाले. मी दोनदा विनवलं आणि तिसऱ्यांदा माझी जीभ घसरली. "लोक तहानेनं मरायलेत अन् तुम्ही कसलं सोवळं पाळून राहिलात?"

ज्या माणसाच्या बापाला गावच्या विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता, त्याला मी पाण्यावरून सोवळं ऐकवलं. शब्द तोंडातून गेल्यावर मला ते कळलं. मामांनी पक्कड पुसली. मग म्हणाले, "पाण्याच्या आडवा मी येणार न्हाई. पण टॉर्च मीच धरणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." आणि त्यांनी तार जोडली.

दुपारपर्यंत ते एकटेच कापत होते. दर वेळी मेन स्विच बंद केल्याशिवाय टॉर्च खाली ठेवत नव्हते. मग लाईट गेली. लाईट गेली की आमच्याकडे कुणी स्विच बंद करत नाही. मशीन सुरू झालं की लाईट आल्याचं कळतं, ही जन्माची सवय. त्या दिवशी मामाही विसरले. तेवढ्या वेळात टॉर्चच्या तोंडाचं झिजलेलं नोझल बदलावं म्हणून त्यांनी ते बोटांत धरलं आणि लाईट आली. बटण कुणी दाबलं नव्हतं. टॉर्च त्यांच्या हातातच पेटली.

उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी रिले आला. मी तो बसवला, टँकर पुरा केला. मग तो आठ दिवस शेडबाहेर उभा राहिला. ज्या तलावावर भरायचा, तो आटला होता आणि दुसरं ठिकाण ठरत नव्हतं.

मामा मुदखेडला लेकीकडे राहायला गेले. महिन्याभरानं मी माफी मागायला गेलो. त्यांनी डाव्या हातानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि पहिलं तेच विचारलं, "टँकर पोचला का, मालक?"

"पोचला मामा. दुसऱ्याच दिवशी."

पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत ते म्हणाले, "मग हरकत न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. माफी मागायची राहूनच गेली. ती मागायची तर खरं सांगावं लागलं असतं.