पाइपला रोज तांब्याभर पाणी

नातवंडांनो, लातूरच्या आपल्या इमारतीचा खालचा मजला तुम्ही अजून पाहिलेला नाही. तिथे मी गावोगावच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. चाळीस टेबलं आणि चार लोखंडी कूलर. चपला दाराबाहेर काढायच्या हा नियम माझाच, धूळ आत येऊ नये म्हणून.

वायरिंग माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला दिलं. तो आता विजेची कामं घेणारा गुत्तेदार झाला आहे. काम संपल्यावर त्याने मागच्या अंगणात जमिनीतून वर आलेला एक पाइप दाखवला. "बाई, ही अर्थिंग. कुठं करंट उतरला तर हिच्यातून जमिनीत जातो. माती ओली पाहिजे, रोज तांब्याभर पाणी घालत जा."

आमच्याकडे नळ आठ-आठ दिवस येत नाही. तरी झाडांना भांडी धुतलेलं पाणी आणि पाइपला स्वच्छ पाणी, असं मी वर्षभर केलं. कॅलेंडरवर रोज टिंबही देत होते.

यंदा उन्हाळ्यात, परीक्षा तीन आठवड्यांवर असताना, जळकोटची एक मुलगी बोटं चोळत आली. "आजी, दारापासचा कूलर चावायलाय, करंट लागतो."

मी कूलर बंद करून गुत्तेदाराला बोलावलं. त्याने तो चालू केला, पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मला तर काहीच लागंना. पोरांना चपला घालून बसवा की."

त्याच्या पायात जाड रबरी तळाचे बूट होते.

"बूट काढ," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही इंग्रजी शिकवलं. वायरिंग आमच्याकडं राहू द्या."

"काढ म्हणते ना."

त्याने एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडता सोडता थांबला आणि कूलरपासून दोन पावलं मागे सरला. मी मेन स्विच पाडला.

मग अंगणात नेऊन त्याला पाइप उपटायला लावला. मुळा उपटावा तसा तो एका हाताने वर आला. जेमतेम दोन हात लांब, खाली अर्थिंगची प्लेट नाही, वायर नाही. आतले प्लग उघडून पाहिले, तर त्यांनाही अर्थिंगची तिसरी वायर जोडलेली नव्हती.

"तेव्हा प्लेट भेटली नव्हती, बाई. मग राहून गेलं."

"आणखी कुठे राहून गेलंय?"

त्याने हातातला पाइप भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "दोन दुकानं हायेत."

"आज तिथे जाऊन ते नीट कर. इथे दुसरा माणूस बघते."

अभ्यासिका पाच दिवस बंद ठेवली आणि मुलांना वर माझ्या दिवाणखान्यात बसवलं. नांदेडहून माझ्या भावाच्या ओळखीचा वायरमन आला. त्याने खोल खड्डा घेऊन तांब्याची प्लेट पुरली, वर कोळसा आणि मीठ घातलं, प्रत्येक प्लगपर्यंत अर्थिंगची हिरवी वायर ओढली, दारापासच्या कूलरमधली उघडी पडलेली वायर बदलली. करंट गळाला तर आपोआप पडणारा खटकाही बसवला. सगळं तपासून, फेज आणि अर्थिंगमध्ये तपासणीचा बल्ब लावला की खटका पडतो ते दाखवलं.

सहाव्या दिवशी मुलं खाली आली, पण दारापासच्या टेबलांवर कोणी बसेना. जळकोटची मुलगी तर दप्तर छातीशी धरून दारातच उभी होती. मी चपला काढल्या. पुसलेली फरशी अजून ओली होती. कूलर चालू केला, त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिले.

थोड्या वेळाने ती आत आली आणि दारापासच्या टेबलावर दप्तर ठेवलं.