तिसऱ्या बेसवरचा एलिसेओ

एलिसेओबद्दल आमच्या सान रोकेत कुणालाही विचारा, दोन गोष्टी सांगतील. पहिली, १९८३ साली ज्या संघानं बेसबॉलचा देशाचा करंडक जिंकला त्यात तो होता. दुसरी, त्यानं दिलेली खूण यादेरनं चुकवली आणि संघ बुडाला. पहिली गोष्ट सोळा आणे खरी. दुसरी साफ खोटी, आणि ते माहीत असलेली गावात आता मी एकटीच उरले आहे.

मी मेल्बा. चाळीस वर्षं मैदानात तिसऱ्या बेसमागच्या कठड्याला टेकून विगोरोन विकलं. केळीच्या पानावर उकडलेला कसावा, वर डुकराच्या कातडीची कुरकुरीत तळण आणि त्यावर कोबीची आंबट कोशिंबीर. माझा नवरा नोएल त्याच ८३च्या संघात दुसऱ्या बेसवर खेळायचा. आता तो नाही. एलिसेओ त्याचा जिवलग, आणि माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला, म्हणजे माझा कोंपाद्रे. मी त्याची कोमाद्रे. सख्खा भाऊ एकवेळ पाठ फिरवेल, कोंपाद्रे नाही. आणि कितीही जवळीक असली तरी एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणायचं, ही आमच्याकडची रीत.

करंडकानंतर एलिसेओचं काय झालं म्हणाल तर काही नाही झालं. त्यानं झुलत्या खुर्च्या केल्या. लाकूड तासायचं, वेत विणायचा, खुर्ची गिऱ्हाइकाच्या घरी डोक्यावरून पोचवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या त्याच्या खुर्च्यांवर झुलत झुलत देवाघरी गेल्या. बायको लवकर वारली. मुलगी मायरा शाळेत शिकवते, तिच्याकडेच तो राहायचा. स्वतःहून करंडकाची गोष्ट कधी काढली नाही. कुणी काढलीच तर म्हणायचा, "चेंडू गोल होता, बॅटही गोल होती, लागला कसा ते देवालाच ठाऊक."

मग आमच्या संघाला साडेसाती लागली. तीन हंगाम सगळ्यांत खाली. मॅचला माणसांपेक्षा कुत्री जास्त. स्पर्धेच्या मंडळानं पत्र पाठवलं की या खेपेला जो शेवटचा येईल त्याला काढून टाकणार. पत्र वाचून आमचा व्यवस्थापक वाल्तेर माझ्यासमोर डोकं धरून बसला. वाल्तेर शाळेत कवायत शिकवतो, बिचारा सरळ माणूस. मी म्हटलं, बाबा रे, गावात करंडक जिंकलेले पाच म्हातारे जिवंत आहेत आणि तू भिंतीला डोकं आपटतोस? त्यांना आण. पगार मागणार नाहीत, एक वेळ जेवायला घाल.

ही अक्कल माझी. हे आधीच सांगून ठेवते.

म्हातारे आले. चेपे एकेकाळचा नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याचे गुडघे गेलेले. तो बादली पालथी घालून त्यावर बसायचा आणि पोरांची बोटं चेंडूवर एकेक करून बसवायचा. बाकीचे तिघे नुसते बाकावर बसून शिव्या द्यायचे, पण त्या शिव्यांनाही वजन होतं. ज्यांनी जिंकून दाखवलंय त्यांच्या शिव्या पोरं आशीर्वादासारख्या घेतात. गाव परत मैदानात यायला लागलं. माझा कसावा दुपारच्या आत संपायला लागला. आणि एलिसेओला दिली तिसऱ्या बेसपाशी उभं राहून खुणा द्यायची जागा.

ज्याला बेसबॉल कळत नाही त्याच्यासाठी सांगते. तिथे उभा असलेला माणूस फलंदाजाला हुकूम देतो, पण तोंडानं नाही. टोपीला हात, कान चोळ, पट्टा ओढ, कोपर, छाती, अंगावर मुंग्या चढल्यासारखे त्याचे हात फिरत असतात. त्यातल्या बहुतेक थापा. एकच जागा किल्ली असते. किल्लीला हात लागल्यावर पुढचा हात जिथे पडेल, तेवढाच हुकूम खरा. समोरच्या संघानं ओळखू नये म्हणून किल्ली दर हंगामाला बदलतात. ८३ साली किल्ली होती कान. नोएल स्वयंपाकघरात उभा राहून हातवारे करायचा आणि मी भांडं ढवळता ढवळता हुकूम सांगायचे. मला धड लिहितावाचता येत नाही, पण खुणा येतात. या वेळची किल्ली पट्टा आहे हे मी तीन रविवारांत ओळखलं. एलिसेओला तसं म्हटलं तर तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाला, तुम्हाला संघात घ्यायला हवं होतं, नोएलला नाही.

यादेर त्याचा लाडका. बावीस वर्षांचं पोर, आई सोकोर्रो लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देते. जोरात मारणारे पुष्कळ असतात. यादेरला एलिसेओनं टेकवायला शिकवलं, म्हणजे येणारा चेंडू बॅटनं न मारता नुसता थोपवून पायाशी मेल्यासारखा पाडायचा; तो कुणी उचलेपर्यंत तिसऱ्या बेसवरचा पळणारा फलंदाजापर्यंत पोचून धाव काढतो. खुर्च्यांच्या अंगणात दोघं तासन्‌तास तेच करायचे. त्या कामात यादेरचा हात धरणारा आमच्या जिल्ह्यात नव्हता.

पुढच्या अकरा मॅचपैकी आठ आम्ही जिंकलो. एलिसेओची चाल बदलली, ताठ चालायला लागला, शनिवारी दाढी करायला लागला. मायरा मला म्हणाली, पपा परत माझे पपा झाले. आणि मला तेव्हाच माहीत होतं की त्याचं काहीतरी बिनसलंय.

झालं असं की मी माझी खुर्ची त्याच्याकडे विणायला टाकली होती. सकाळी गेले तर बैठक अर्धी विणलेली. दुपारी गेले तर पूर्ण. संध्याकाळी गेले तर सगळा वेत उसवलेला आणि तो पहिल्या ओळीपासून परत विणतोय. मी थट्टा केली की कोंपाद्रे, मजुरी वाढवायचा विचार आहे काय? तो हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. पुढे एका रविवारी तिसऱ्या बेसवर त्यानं पट्ट्याऐवजी कानाला हात लावला. त्या वेळी निभावून गेलं, फलंदाजानं तसाही चेंडू सोडलाच असता. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी वाल्तेरला सांगायला हवं होतं. माझ्यासारख्या बाईनं, जिनं कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. पण ती जागा काढून घेतली तर एलिसेओ खुर्चीत बसून नुसता विरून जाईल, हे मला दिसत होतं. म्हणून मी माझा उपाय काढला. दर रविवारी मॅचआधी त्याला पान वाढायचं आणि हळूच विचारायचं, किल्ली? तो म्हणायचा, पट्टा. मग मी वर जास्तीची तळण घालायची. मी किती शहाणी, नाही का?

शेवटची मॅच आमच्याच मैदानात होती. जिंकलो तर राहिलो, हरलो तर गेलो. सकाळी मी विचारलं, किल्ली? "पट्टा, पट्टा. किती वेळा विचारता," असं म्हणून तो चिडला देखील. मला बरं वाटलं. चिडतोय म्हणजे ठीक आहे.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेनं मागे, एक बाद, आमचा एक पळणारा तिसऱ्या बेसवर, आणि बॅट यादेरच्या हातात. सगळ्या मैदानाला कळत होतं की आता टेकवायचं. एलिसेओनं पळणाऱ्याच्या कानात सांगितलं की टेकवणार आहे, चेंडू सुटला की पळ. मग यादेरकडे वळून त्यानं हात फिरवायला सुरुवात केली. टोपी. पट्टा. कोपर. छाती. कान. छाती. टोपी.

माझ्या हातातलं पान खाली पडलं. कानानंतर छाती म्हणजे टेकव, पण ती ८३ची किल्ली. या वर्षीच्या किल्लीनं, पट्ट्यानंतर कोपर, म्हणजे सोडून दे. यादेरनं डोक्याला हात लावून कळल्याचं सांगितलं. मी ओरडले. कठड्यावर आपटून आपटून ओरडले, पण चार हजार माणसं ओरडत होती.

चेंडू सुटला, पळणारा सुटला, आणि यादेरनं खुणेप्रमाणे चेंडू सोडून दिला. पळणारा आयता येऊन फलंदाजामागच्या कॅचरच्या हातात पडला. बाद. बाकावर कुणाची तरी बाटली घरंगळली. पुढच्या तीन चेंडूंत यादेरही बाद झाला आणि मॅच गेली. त्याला बॅट दिसत नव्हती, चेंडू काय दिसणार.

एलिसेओ तरातरा चालत त्याच्याकडे गेला. त्याला एवढं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या गावासमोर त्यानं पोराच्या शर्टाला धरलं. "टेकव म्हणून सांगितलं होतं तुला. कळलं म्हणून खूण पण केलीस. डोळे कुठे होते तुझे?"

पळणाऱ्यानंही सांगितलं, हो, मला टेकवणार असंच सांगितलं होतं. झालं, पुरावा मिळाला. यादेरनं एलिसेओच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. तो म्हणाला, "चुकलो, प्रोफे."

आमच्याकडे शिकवणाऱ्याला प्रोफे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादेर माझ्या दारात उभा. रात्रीतून त्याच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी घाणेरडं लिहून ठेवलं होतं. मी पायात चप्पल घालत होते, वाल्तेरकडेच निघाले होते. त्यानं मला बसवलं.

"तुम्ही खूण पाहिलीत ना, दोन्या मेल्बा?" त्यानं मानानं विचारलं.

"पाहिली."

"मग कुणाला बोलू नका."

मी म्हटलं, अरे गाढवा, तुझं नाव मातीत गेलं. तो म्हणाला, "संघ गेलाच. बोललात तर म्हाताराही जाईल. सरावाला प्रोफे कधीकधी मला नोएल म्हणायचे. मी ओ द्यायचो."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या पोरासमोर रडले. त्यानं माझ्याकडून वचन घेतलं आणि मी दिलं, आणि खरं सांगायचं तर देताना मला सुटल्यासारखं वाटलं. कारण बोलले असते तर मला हेही सांगावं लागलं असतं की हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याची मला आजही शरम वाटते.

लोकांनी सोकोर्रोला कपडे देणं बंद केलं. महिन्याभरात यादेर सीमेपलीकडे कोस्ता रिकाला गेला, अननसाच्या मळ्यात कामाला. आमचे किती गेले तिकडे, त्यांत एक. मैदानाला कुलूप लागलं. मी बस थांब्यावर विकायला लागले. एलिसेओला दिवसेंदिवस कमी आठवत गेलं, पण यादेरनं खूण चुकवली तेवढं आठवायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि येणारेजाणारे यादेरच्या नावानं बोटं मोडायचे. मी तिथे बसून ऐकायचे.

मार्चमधली एक सकाळ. मायरा शाळेत गेली होती. मी त्याच्यासाठी पेज घेऊन गेले तर तो अंगणात बसलेला, डोळे स्वच्छ. मला नावानं हाक मारली, बऱ्याच दिवसांनी.

"कोमाद्रे, एक विचारतो. त्या मॅचला किल्ली कुठली होती?"

मी म्हटलं, आता कशाला ते, पेज गार होईल.

"मला सारखं वाटतं पट्टा होती. आणि माझा हात गेला कानाला." तो माझ्याकडे बघत होता. "मायरा मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल. तुम्ही तशा नाहीत. तुम्ही नोएललासुद्धा तोंडावर खरं सांगायचात. म्हणून तुम्हाला विचारतोय."

त्याचे हात मांडीवर होते. वेत ओढून ओढून झिजलेली बोटं. मी त्या पोराचा विचार केला, देवाशपथ केला. मळ्यात वाकलेला मला डोळ्यांसमोर दिसला.

"कान," मी म्हणाले. "कानच होती, कोंपाद्रे."

"नक्की?"

"मी चुकेन खुणेत?"

त्यानं मोठा श्वास सोडला. "म्हणजे पोरानंच चुकवली."

"हो."

"वाईट झालं," तो म्हणाला. "चांगला होता पोरगा." मग त्यानं वाटी मागितली आणि सगळी पेज संपवली.

अकरा दिवसांनी तो गेला. झोपेतच गेला, सुखानं गेला असं सगळे म्हणाले. आमच्याकडे माणूस गेल्यावर नऊ दिवस घरी प्रार्थना असते. चेपे आणि बाकीचे म्हातारे रोज पुढच्या रांगेत बसायचे. नवव्या दिवशी सोकोर्रो आली. दारातच उभी राहिली, कुणी तिला जागा दिली नाही. मी कॉफी वाटत होते. तिनं येऊन माझा हात धरला, भाजल्याच्या डागांनी भरलेला तिचा तो हात. म्हणाली, माझ्या पोरामुळे म्हातारा मनात झुरत गेला, तुम्ही त्याच्या घरच्यासारख्या, पोराच्या वतीनं तुमची माफी मागते.

मी तिला कॉफी दिली, एक गोड पाव दिला, बसायला खुर्ची ओढून दिली. म्हणाले, असू दे, सोकोर्रो, झालं गेलं.